नवसाच्या नारळाची चटणी

देवीच्या नवसाचा नारळ मी इडलीच्या चटणीत घातला.

चटणी उत्तम झाली होती. हे मी बचावासाठी सांगत नाही. पुढे जे काही झालं त्यात चटणी उत्तम होणं हाच माझ्याविरुद्धचा मुख्य पुरावा ठरला!

आमचं घर वसईजवळच्या गास गावात. आजोबांच्या काळी इथे केळी, पानवेली आणि मोगऱ्याची भरलेली वाडी होती. आता मोगऱ्याची दोन-चार झुडपं, केळीचं एक बेट आणि घरामागे आजोबांनी लावलेला एक माड एवढंच उरलंय. (वाडी गेली, पण आम्ही पत्त्यात अजून 'वाडी' लिहितो. कुरियरवाला शोधत बसतो.) तर नारळ त्या माडाचा होता आणि नवस माझ्या सुमनआत्याचा.

सुमनआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वसई गावात तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. मागे एकदा ती न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. ऑपरेशनला नेताना, डॉक्टर भुलीच्या तयारीत असताना, हिने देवीशी परस्पर करार करून टाकला. "बाई, मला पायावर उभी कर. चैत्रात माहेरच्या माडाचा नारळ घेऊन वणीचा गड चढेन. माझ्या पायांनी. ट्रॉलीने नाही." (देवीने ट्रॉलीचा विषय काढलाच नव्हता. आत्यानेच काढला.)

देवीने तिची बाजू पाळली. आता आमची पाळी होती.

आमच्या घरची रीत अशी: गडावर न्यायचा नारळ घरच्याच माडाचा हवा. तो दोरीने अलगद उतरवायचा, जमिनीला टेकू द्यायचा नाही. पाडव्याला हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात तांदळावर ठेवायचा आणि देवीला सांगायचं, "आम्ही येतोय." एकदा सांगितलं की सांगितलं! तो नारळ घराबाहेर पडल्याशिवाय माणूस बाहेर पडत नाही. आजोबा म्हणे एकदा नारळ घरी विसरले म्हणून अर्ध्या वाटेत एस.टी.तून उतरून चालत माघारी आले होते. एस.टी. पुढे गेली. आजीला घेऊन.

एवढी कडक रीत असलेल्या यात्रेचं नियोजन माझ्याकडे आलं, कारण मी सातिवलीच्या एका कारखान्यात प्लॅनिंग खात्यात आहे. दुसऱ्यांनी काय, कधी आणि कुठल्या क्रमाने करावं हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. घरात हेच काम मंदा, म्हणजे माझी बायको, फुकट करते आणि ते वेळेवर होतं, हा भाग वेगळा.

मी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. आधी ग्रुपच्या नावावरून भांडण झालं. मग बस एसी की बिगर एसी यावरून झालं. त्यानंतर कोणीतरी उगवत्या सूर्याचं चित्र टाकून 'सुप्रभात' म्हटलं, सगळ्यांनी त्याला हात जोडले आणि बसचा विषय वर सरकून दिसेनासा झाला. माझा चुलतभाऊ विलासदादा याचं मत मात्र पहिल्यापासून ठाम होतं: "एवढ्या उन्हात कशाला? पुढच्या वर्षी जाऊ." विलासदादा स्वतःच्या लग्नाच्या वेळीही हेच म्हणाला होता म्हणतात.

शेवटी पाडव्यानंतरच्या रविवारी सकाळी मी सगळ्यांना आमच्या घरी बोलावलं. समोरासमोर बसून तासाभरात विषय संपवू, असं लिहिलं. इडली-चटणी मिळेल, असंही लिहिलं. होकार आले ते दुसऱ्या वाक्याला.

आणि त्याच सकाळी देव्हाऱ्यात मुंग्या झाल्या.

गुढीची साखरेची गाठी मंदाने देव्हाऱ्यात ठेवली होती, तिच्यावर जिल्ह्यातल्या मुंग्यांची यात्रा भरली! (त्यांचं नियोजन उत्तम होतं. एका रांगेत, वादावादी नाही.) मंदाने देव उचलून ताम्हणात ठेवले, तांदूळ उन्हात पसरले, नारळ तेवढा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला आणि कोथिंबीर आणायला निघाली. जाताना म्हणाली, "अहो, चटणीचा नारळ फोडून वाटून ठेवा. खाली टोपलीत आहे."

'टोपलीत आहे' हे ती म्हणाली होती, असं ती म्हणते. म्हणाली असेल. मी तेव्हा ग्रुपवर बसमधल्या जागांचा रंगीत आराखडा टाकत होतो.

आत आलो तर ओट्यावर नारळ. त्याला शेंडी होती. मला वाटलं, दुकानदार काढायला विसरला. त्याला हळदकुंकू लागलेलं होतं. मला वाटलं, मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवल्यावर दुसरं काय होणार! मी ते घासून धुतलं. (स्वच्छतेच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे.) शेंडी उपटली, कोयत्याच्या दोन फटक्यांत नारळ फोडला, पाणी उभ्या उभ्या पिऊन टाकलं, मिरची-आलं घालून चटणी वाटली, वर फोडणीही दिली. मंदा आली तोवर ओटा पुसून लख्ख. तिने इडल्या लावल्या आणि म्हणालीसुद्धा, "आज सूर्य कुठे उगवला?"

मंडळी जमली. आत्या वसईहून रिक्षाने आली आणि पडवीच्या पायऱ्या कठड्याला हात न लावता चढून दाखवल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळे इडलीकडे वळले.

"चटणी कोणी केली?"

"मी!"

"दिन्या, तू?" आत्याने तिसऱ्यांदा चटणी वाढून घेतली. (आत्या आमच्या घरच्या बोलीत बोलते. इथे मी ती सर्वांना कळेल अशी करून लिहितोय, शिव्या वगळून.) "नारळ कुठला रे हा?"

"बाजारातला."

"बाजारात हल्ली असे गोड नारळ येतात?"

"येतात," मी अधिकाराने म्हणालो. "फक्त पारख पाहिजे."

आत्याने हात धुतले, पदराला पुसले आणि खुर्चीवर ताठ बसली. "चला. आता देवीचा नारळ आणून मध्ये ठेवा. त्याच्यासमोर काय ते ठरू दे. म्हणजे विलास पुढच्या वर्षीचं तोंडातून काढणार नाही."

मंदा आत गेली. क्षणभराने आतून आवाज आला, "अहो, जरा आत या."

'अहो, जरा आत या' याचे संसारात अनेक प्रकार असतात. चहाला दूध कमी असलेला एक, पाहुणे कधी जाणार हे विचारायचा एक. हा त्यातला कुठलाच नव्हता.

"ओट्यावरचा नारळ कुठाय?"

"चटणीत."

"कुठल्या चटणीत?"

"आत्ता सगळ्यांनी खाल्ली ती."

मंदाने खालची टोपली पायाने पुढे ओढली. तीत एक नारळ होता. बाजारचा, साधा, माझ्यासारखंच पूर्ण टक्कल असलेला. तो तिन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघत होता.

"मग हा कशाचा?"

"चटणीचा," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण लांबून आला.

"शेंडी दिसली नाही तुम्हाला?"

"दिसली ना. काढली."

"हळदकुंकू?"

"धुतलं."

मंदाने कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं आणि दोन बोटांच्या चिमटीत शेंडी वर उचलली. तशीच धरून उभी राहिली. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त ऐकू येतं.

"बाहेर जा आणि सांगा त्यांना."

"आत्ता? अगं, आत्या ढेकर देतेय!"

"दिन्या!" बाहेरून हाक आली. "आणतोस ना?"

"आणतो, आणतो! मुंग्या झटकतोय!" (हे खोटं नव्हतं. देव्हाऱ्यात मुंग्या होत्याच. नारळ नव्हता एवढंच.)

थट्टा सोडा, पण सांगायची माझी खरंच छाती होईना. आत्या गेला हिवाळाभर रोज संध्याकाळी इमारतीचा जिना चढत-उतरत होती. एकेक पायरी, कठड्याला हात न लावता, वणीचा सराव म्हणून. खालच्या मजल्यावरच्या बायका तिच्यासाठी वाट सोडून उभ्या राहायच्या. पुढच्या चैत्रात तो खुबा काय म्हणेल, कोणी सांगावं? आणि नारळ नाही म्हटल्यावर ती बसमध्ये पाऊल ठेवणार नव्हती. आजोबांचीच मुलगी ती.

संकटात प्लॅनिंगवाल्याचं डोकं जास्त वेगाने चालतं. (कुठल्या दिशेने, ते विचारू नये.) मागे माड उभा आहे, माडावर नारळ आहेत. एक नारळ जमिनीला न टेकवता उतरवायचा, शेंडी ठेवून सोलायचा, हळदकुंकू लावायचं, झालं! माडावर चढणाऱ्याला फोन लावला. तो मनोरला लग्नात होता. "परवा येतो, शेठ!" तो बँडच्या आवाजावर मात करत ओरडला. "तोवर नारळ कुठे पळत नाही!"

एवढ्यात कुंपणापलीकडे एक लांब बांबू हलताना दिसला, टोकाला कोयता बांधलेला. बांबूच्या खाली आमचा शेजारी आंतोन होता. ख्रिस्ती लोकांचा झावळ्यांचा रविवार जवळ आला की चर्चसाठी झावळ्या तो दरवर्षी आमच्या माडाच्या नेतो. ऐन वेळी देवाने पाठवल्यासारखा आला होता! (कोणाच्या देवाने, हा वाद नंतर.)

"दिनू, झावळ्या काढू काय रे?"

"काढ. पण आधी एक नारळ काढायला मदत कर. आणि कोणाला सांगू नकोस."

"का?"

मी सगळं सांगितलं. आंतोन कुंपण धरून हसला. कुंपणाचा एक खांब तेव्हापासून कललेला आहे.

"म्हणजे देवीचा नैवेद्य तू आधीच खाल्लास!"

"मी एकट्याने नाही! सगळ्यांनी!"

"मदत करतो. पण एक ऐक. आमचा उपवासकाळ चाललाय, आणि कालच मी चर्चमध्ये पापांची कबुली देऊन आलोय. पाटी कोरी आहे. कोणी सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

"अरे, तुला कोण विचारायला बसलंय!"

(हे वाक्य वापरणं मी त्या दिवसापासून बंद केलंय.)

योजना सोपी होती. माडाचा शेंडा आमच्या गच्चीपर्यंत झुकलेला आहे. मी गच्चीवरून बांबूने नारळ तोडणार, खाली आंतोन आणि मंदा चादर ताणून धरणार. मंदाने कपाटातून चादर आणली.

"ही तर माझ्या अंथरुणावरची!"

"तुम्हाला नाहीच लागणार ती. आजपासून तुम्ही पडवीत झोपणार."

पुढे पडवीत विलासदादा बोलायला लागला होता, ही एक जमेची बाजू. घाटातल्या वळणांवर बसचे टायर किती तापतात, यावर तो बोलत होता. विलासदादा बोलत असताना घरात दरोडा पडला तरी कोणाला कळत नाही.

मी कोयता अडकवला, ओढला. पहिला नारळ चादरीच्या दिशेने निघाला आणि ऐन वेळी विचार बदलून पाण्याच्या रिकाम्या पिंपावर आदळला. धडाम्! शेजारच्या आवारातले दोन कुत्रे उठून उभे राहिले.

"काय पडलं गं?" आत्या.

"मांजर!" मंदा.

"एवढं?" विलासदादा.

दुसऱ्या खेपेला मी नेम धरून ओढलं आणि एक अख्खी झावळी खाली गेली. मंदा आणि आंतोन दोघेही तिच्याखाली दिसेनासे झाले.

"ही माझी," खालून आंतोनचा आवाज आला. "थँक्यू."

"अहो, तुम्ही मुद्दाम करताय का?" खालून मंदाचा आवाज आला. "तसं असेल तर सांगा, मी वर येते."

ती वर येण्याच्या नुसत्या कल्पनेने माझा हात स्थिर झाला. तिसऱ्या खेपेला नारळ सुटला, सरळ खाली गेला, चादरीच्या बरोबर मधोमध पडला! मी दोन्ही हात वर केले. पण दोघांनी चादर इतकी तंग धरली होती की नारळ उसळून पुन्हा वर आला. आंतोनने चादर सोडली, हवेतच नारळाला मिठी मारली आणि त्याला छातीशी घट्ट धरून उताणा पडला तो थेट केळीच्या आळ्यात. आळ्याला मीच सकाळी पाणी सोडलं होतं.

"टेकला नाही!" चिखलातून आंतोन विजयाने ओरडला. गासच्या वेशीपर्यंत ऐकू गेलं असेल. "दिनू, जमिनीला टेकला नाही! देवीचा नारळ माझ्या पोटावर आहे!"

पडवीत विलासदादाचे टायर थांबले.

सगळी मंडळी मागच्या अंगणात आली तेव्हाचं दृश्य असं: गच्चीवर बांबू घेतलेला मी, खाली केसांत झावळीचा चुरा घेऊन मंदा, हातात चादरीचं एक टोक, आणि केळीच्या आळ्यात आडवा झालेला आंतोन, पोटावर नारळ. सगळ्यांच्या पुढे सुमनआत्या.

"आंतोन, हे काय चाललंय?"

"आत्या, मला नका विचारू. उपवासकाळ आहे."

"म्हणूनच तुला विचारते."

आंतोनने माझ्याकडे बघितलं. मग आभाळाकडे बघितलं. मग सगळं सांगितलं. शेंडी, हळदकुंकू, फोडणी, सगळं! 'नारळाचं पाणीसुद्धा हाच प्याला' हेही सांगितलं. पाण्याचं मी मंदालाही सांगितलं नव्हतं.

आत्या धुण्याच्या दगडावर बसली. तिचा हात आपोआप खुब्यावर गेला.

"म्हणजे तो मी खाल्ला."

"आत्या, तू एकटीने नाही, आपण सगळ्यांनी मिळून..."

"तीन वेळा घेतली मी चटणी." ती माडाकडे बघत होती. "पहिल्याच घासाला वाटलं होतं, ही चव बाबांच्या माडाची. मग म्हटलं, दिन्या बाजारातला म्हणतोय तर असेल. देवीला आणते म्हणून सांगितलं, आणि मीच खाऊन बसले."

मी गच्चीवरून उतरून आलो, बांबू कुठे ठेवावा हे कळेना, म्हणून तो धरूनच उभा राहिलो.

विलासदादाने घसा साफ केला. "आता हा अपशकुनच झाला. मी म्हणतो, पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी तू जा," आत्या म्हणाली. "मी वरून बघेन."

विलासदादाने घसा परत आत घेतला. आंतोन उठायला लागला.

"उठू नकोस!" आत्या ओरडली. आंतोन होता तसाच थिजला. "खरं सांग. जमिनीला लागला?"

"नाही आत्या. पहिल्यापासून मीच खाली आहे."

"मंदा, हळदकुंकू आण."

आणि मग सुमनआत्या उठून केळीच्या आळ्यापाशी गेली, वाकली (डॉक्टरांनी वाकायला सक्त मनाई केलेली आहे), आणि आंतोनच्या पोटावरच्या न सोललेल्या नारळाला तिने हळदकुंकू लावलं. थोडं आंतोनच्या शर्टालाही लागलं. "बाई," ती म्हणाली, "पहिला नारळ घरच्यांनीच संपवला. लेकरं भुकेली होती, समजून घे. हा दुसरा. आम्ही येतोय."

काय करावं न सुचून आंतोनने चिखलात पडल्या पडल्या हात जोडले.

यात्रा ठरली. बस एसी की बिगर एसी, आत्याने उभ्या उभ्या सांगून टाकलं: "खिडक्या उघडतात ती." कधी निघायचं, किती वाजता, जेवण काय, सगळं तिने त्या दगडापाशी उरकलं. माझा रंगीत आराखडा कोणी उघडलाही नाही.

"पण आता हा नारळ ठेवायचा कुठे?" मी विचारलं. मला वाटलं, देव्हाऱ्यातल्या मुंग्या गेल्या असतील.

"ह्या घरात नाही," आत्या म्हणाली. "आंतोन, निघेपर्यंत तुझ्याकडे राहील?"

"राहील की. आमच्या देवाच्या फोटोखाली ठेवतो. पण आत्या, मुंग्या आमच्याकडेही आहेत."

"मुंग्या परवडल्या."

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या सकाळी बस दारात उभी राहिली. विलासदादा सगळ्यांच्या आधी येऊन खिडकी धरून बसला होता. आंतोन नारळ घेऊन आला. सोललेला, शेंडी नीट विंचरल्यासारखी, धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेला. हळदकुंकू पुन्हा लावलेलं, जरा जास्तच. (ते आंतोनच्या बायकोने आमच्या मंदाला फोनवर विचारून लावलं होतं.) आत्या तो छातीशी धरून बसच्या पायऱ्या चढली. दांडीला हात लावला नाही. ड्रायव्हरने तिला आधार द्यायला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

मी तिच्यामागून चढलो आणि दोन्ही हात पुढे केले. इतकं तरी मी करायलाच हवं होतं.

"आत्या, दे. गडाच्या पहिल्या पायरीपर्यंत मी सांभाळतो. वर देवीपुढे फोडतोही मीच."

आत्याने नारळ कानाशी नेऊन हलवला. आत पाणी खळखळलं. तिने मान डोलावली. मग नारळ मंदाकडे देऊन तिने मला खाली वाक म्हणून खुणावलं, माझं टक्कल दोन्ही हातांत धरून तसंच हलवलं आणि कान लावला.

"पाणी तर ह्यातही वाजतंय गं," ती मंदाला म्हणाली. "पण देवीपुढे फोडायचं तर आत खोबरं नको?"